कॉट्सवोल्ड्समध्ये गाडीशिवाय फिरायचंय? मंगळवार निवडा

लंडनला आलेले पाहुणे कॉट्सवोल्ड्स या इंग्लंडमधल्या टेकड्यांच्या ग्रामीण भागातली गावं बघायला हमखास शनिवार-रविवार काढतात. जमलं तर मंगळवारी जा. तिथल्या मोरेटन-इन-मार्श गावाचा आठवडी बाजार त्याच दिवशी भरतो. गावाच्या रुंद हमरस्त्यालगत भाजी, चीज, पाव, कपडे, रोपं असं सगळं मांडलेलं असतं. हा हमरस्ता म्हणजे जुना रोमन रस्ता, फॉस वे.

लंडनच्या पॅडिंग्टनहून थेट रेल्वे आहे, साधारण दीड-पावणेदोन तासांची. स्टेशनातून बाजार चालत काही मिनिटांवर. सकाळी तिथे रमा, मग ८०१ क्रमांकाची बस धरून स्टो-ऑन-द-वोल्ड आणि बोर्टन-ऑन-द-वॉटर करा. बोर्टनमध्ये विंडरश नदी भर गावातून वाहते, तिच्यावर ठेंगणे दगडी पूल आहेत. सुंदर आहे, पण दुपारी गर्दी फार. मला विचाराल तर वेळ कमी असल्यास बोर्टन सोडा आणि चिपिंग कॅम्पडनला जा. तिथली १६२७ची दगडी बाजार-पडवी आजही उभी आहे. नावातलं ‘चिपिंग’ म्हणजे जुन्या इंग्रजीत बाजारच!

परतीच्या बसची वेळ सकाळीच टिपून ठेवा. शेवटची बस लवकर सुटते, आणि चुकली तर खेड्यात टॅक्सी हात केल्यावर थांबत नाही, आधी फोन करून ठरवावी लागते. जेवणही दोनच्या आत उरका, बऱ्याच पबची स्वयंपाकघरं दुपारी बंद होतात.