इंजिन आणण्याआधी पुठ्ठा कापा
जुन्या एमजीबीत (ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये) नवं इंजिन बसवायचंय? हॉर्सपॉवर नंतर, आधी त्याचं ऑइल चेंबर, म्हणजे इंजिनाखालची तेलाची टाकी, बघा. इथे बडोद्यात ओळखीच्या एकाने हौसेने इंजिन आणलं, चेनवरून खाली सोडलं, तर चेंबर थेट क्रॉस मेंबरवर, म्हणजे गाडीच्या आडव्या तुळईवर टेकलं! चेंबरच्या मापाचा पुठ्ठ्याचा साचा कापून बघितला असता तर दहा मिनिटांत कळलं असतं. वजनही बघा. १९७३च्या एमजीबी जीटी व्ही८चं अ‍ॅल्युमिनियमचं इंजिन मूळच्या बिडाच्या चार सिलिंडरवाल्याइतकंच भरायचं, म्हणून ते जमलं. ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर), वायरिंग आणि किल्ली, इंजिन ज्या गाडीतून निघालं त्याच गाडीची मागा. इमोबिलायझर, म्हणजे चोरी रोखणारं किल्लीचं कुलूप, असेल तर नुसतं इंजिन सुरूही होणार नाही. आणि गाडी पन्नाशी ओलांडलेली असेल तर जरा थांबा: २०२१च्या नियमांत व्हिंटेज नोंदणीला गाडीचं, इंजिनासकट, मूळ रूप लागतं.