स्कोअर न पाठवता अर्ली अर्ज: अमेरिकेतल्या मराठी पालकांसाठी

सगळ्यात आधी एक काम करा. लेकीला किंवा लेकाला जिथे अर्ज करायचा आहे, त्या कॉलेजच्या ॲडमिशनच्या पानावर जाऊन यंदाचं टेस्टचं, म्हणजे एसएटी-एसीटीचं, धोरण स्वतः वाचा. चुलतभावाच्या वेळी काय होतं, शेजारच्या काकूंनी काय सांगितलं, यावर जाऊ नका. ही धोरणं फार भराभर बदलली आहेत. एमआयटीने 2022 मध्येच टेस्ट परत सक्तीची केली. 2024 मध्ये डार्टमथ, ब्राउन, हार्वर्ड आणि कॅलटेक त्याच वाटेने गेले. येलने त्याच वर्षी वेगळा मार्ग काढला: एसएटी, एसीटी, किंवा शाळेतच घेतलेल्या एपी वा आयबी या कॉलेज-पातळीच्या विषयांच्या परीक्षा, यांतलं काहीतरी पाठवावंच लागतं. याउलट मेन राज्यातल्या बोडन कॉलेजने टेस्ट ऐच्छिक केली ती 1969 मध्ये, शिकागो विद्यापीठाने 2018 मध्ये, आणि कोलंबियाने 2023 मध्ये तेच धोरण कायमचं केलं. कॅलिफोर्नियाची सरकारी विद्यापीठं, म्हणजे यूसी, स्कोअर पाहतच नाहीत, पण तिथे अर्ली फेरीच, म्हणजे नोव्हेंबरमध्ये लवकर अर्ज करून डिसेंबरमध्ये निकाल मिळवायची सोय, नसते. धोरण वाचताना ते कोणत्या वर्षी प्रवेश घेणाऱ्यांसाठी आहे, तेही पाहा. यंदाच्या सीनियरचा (बारावीतल्या मुलाचा) नियम पुढच्या वर्षीच्या सीनियरला लागू असेलच असं नाही.

मी इथल्या एका पब्लिक हायस्कूलमध्ये काउन्सेलर आहे. "एसएटी मनासारखी झाली नाही, मग स्कोअर न पाठवता अर्ली डिसिजन टाकू का?" हा प्रश्न मराठी घरांतून मला सतत येतो. माझं उत्तर असं: जरूर टाका, पण अकरावीअखेरचे मार्क आणि शिक्षकांची मतं मुलाच्या बाजूने बोलत असतील तरच. नोव्हेंबरमध्ये ॲडमिशन ऑफिसच्या हातात सीनियर वर्षाचे मार्क जवळजवळ नसतात. त्यात स्कोअरही नसेल, तर वाचणाऱ्यापुढे ज्युनियर वर्षापर्यंतची (अकरावीपर्यंतची) ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे शाळेचं गुणपत्रक, दोन-तीन शिफारसपत्रं आणि मुलाचं लिखाण एवढंच उरतं. ज्या मुलाचे मार्क अकरावीच्या शेवटी नुकते वर चढू लागलेत, त्याने स्कोअरशिवाय अर्ली करू नये. त्याला जानेवारीच्या रेग्युलर फेरीत सीनियरचं पहिलं सेमिस्टर दाखवता येतं, आणि तेच त्याचं बळ असतं.

अर्लीमध्ये प्रकार आहेत आणि त्यांत घोळ होतो. अर्ली डिसिजन म्हणजे करार. विद्यार्थी, पालक आणि काउन्सेलर अशा तिघांच्या सह्या होतात, एका वेळी एकाच ठिकाणी करता येतं, आणि प्रवेश मिळाला तर बाकीचे अर्ज मागे घ्यायचे. तारीख बहुधा 1 किंवा 15 नोव्हेंबर, निकाल डिसेंबरच्या मध्याला. अर्ली ॲक्शनमध्ये बंधन नसतं. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, स्टॅनफर्ड यांचा प्रकार मधला आहे: बंधन नाही, पण त्याच वेळी दुसऱ्या खासगी कॉलेजात अर्ली करायचं नाही. अर्ली डिसिजनचा स्वीकृतीचा टक्का मोठा दिसतो म्हणून भुलू नका. त्या आकड्यात खेळासाठी आधीच निवडलेली मुलं असतात, बऱ्याच ठिकाणी माजी विद्यार्थ्यांची मुलंही असतात. तुमच्या मुलासाठी तो टक्का तेवढा मोठा नाही.

आता पैशांचं. आपल्या घरांत यावर बोलणं डिसेंबरपर्यंत ढकललं जातं, आणि मग रडारड होते. करारावर सही करायच्या आधी, ऑगस्टमध्येच, त्या कॉलेजचा नेट प्राइस कॅल्क्युलेटर उघडा; मदत वजा जाता तुम्हाला किती भरावं लागेल, याचा अंदाज तो देतो. सरकारी मदत घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजला तो वेबसाइटवर ठेवावाच लागतो. शेजारी टॅक्स रिटर्न ठेवा आणि खरे आकडे भरा, अंदाजाने भरू नका. येणारी रक्कम चार वर्षं पेलवेल का, हे नवरा-बायकोने मुलाच्या समोर बसून ठरवा. मिळालेली मदत पुरत नसेल तर अर्ली डिसिजनमधून बाहेर पडता येतं, पण तो मार्ग गरजेनुसार मिळणाऱ्या मदतीपुरता आहे. "दुसरीकडे जास्त स्कॉलरशिप मिळाली असती" हे कारण चालत नाही. चार ठिकाणच्या ऑफर शेजारी ठेवून ठरवणं ज्या घराला भाग आहे, त्या घराने अर्ली डिसिजन करू नये. असं सांगितल्यावर काही पालक नाराज होतात, पण मी हेच सांगत राहणार.

एच-1बीवर असलेल्या घरांनी आणखी सावध राहावं. मूल इथे पहिलीपासून शिकलं असेल, तरी एच-4वर, म्हणजे एच-1बीवाल्यांच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर, असेल तर फाफ्सा या अर्जातून मिळणारी सरकारी मदत त्याला मिळत नाही, आणि बहुतेक खासगी कॉलेजं मदतीपुरतं त्याला आंतरराष्ट्रीय विद्यार्थीच धरतात. अशा अर्जदाराने मदत मागितली तर ती बाब पुष्कळ ठिकाणी निवडीच्या वेळीच विचारात घेतली जाते. काही मोजक्या ठिकाणी तसं होत नाही. बोडनने 2022 मध्ये आंतरराष्ट्रीय मुलांच्या निवडीतही मदतीची मागणी पाहणं बंद केलं. म्हणून कॉलेजला ईमेल करून सरळ विचारा: "आमचं मूल एच-4वर आहे, तुमच्याकडे मदतीसाठी त्याची गणना कशात होते?" उत्तर लेखी घ्या. सीएसएस प्रोफाइल, म्हणजे बरीच खासगी कॉलेजं मागतात तो मदतीचा फॉर्म, 1 ऑक्टोबरला उघडतं. अर्लीवाल्यांच्या हातात त्यासाठी जेमतेम महिना असतो.

स्कोअर पाठवायचा की नाही, हे भावनेवर सोडू नका. कॉलेजचं नाव आणि 'कॉमन डेटा सेट' असं शोधा, कॉलेजने स्वतः दिलेल्या आकडेवारीची पीडीएफ मिळेल. त्यातला सी9 हा भाग काढा. प्रवेश घेतलेल्यांपैकी किती टक्के मुलांनी एसएटीचे स्कोअर पाठवले आणि मधल्या निम्म्या मुलांचे स्कोअर कुठून कुठवर आहेत, ते तिथे छापलेलं असतं. एक गोष्ट लक्षात ठेवा. ऐच्छिक कॉलेजांत ज्यांचे स्कोअर चांगले तेच पाठवतात, त्यामुळे ही पट्टी वर सरकलेली असते. मुलाचा स्कोअर पट्टीच्या मध्याच्या वर असेल तर पाठवा. खालच्या टोकाच्याही खाली असेल तर पाठवू नका. अधेमधे असेल तर शाळेचं स्कूल प्रोफाइल मागून घ्या. ट्रान्स्क्रिप्टबरोबर ते दोन पानी पत्रक प्रत्येक कॉलेजला जातं, आणि शाळेची सरासरी एसएटी बहुधा त्यावर असते. शाळेची सरासरी 1050 असताना मुलाला 1420 असतील, तर तो स्कोअर त्याच्या बाजूने बोलतो. शाळेची सरासरीच 1400 असेल तर त्याच 1420ने काही साधत नाही. डार्टमथने 2024 मध्ये टेस्ट परत आणताना हेच सांगितलं होतं, की कमी साधनांच्या घरांतल्या काही मुलांनी उपयोगी पडले असते असे स्कोअर झाकून ठेवले. घाबरून स्कोअर लपवू नका.

त्याच पीडीएफमध्ये सी7 हा तक्ता आहे, तो मुलाला वाचायला लावा. कॉलेज कशाला किती महत्त्व देतं, ते त्यात खुणा करून दाखवलेलं असतं. प्रवेश अवघड असलेल्या कॉलेजांत अभ्यासक्रमाची कठीणता ही ओळ जवळजवळ नेहमी सगळ्यात महत्त्वाच्या रकान्यात सापडते. स्कोअर नसताना सारा भार तिच्यावर पडतो. म्हणून सीनियर वर्षाचं वेळापत्रक हलकं करू नका. गणित किंवा परकी भाषा सोडून "थोडा मोकळा वेळ" घेतलेला लगेच डोळ्यांत भरतो, कारण चालू वर्षाचे विषय अर्जातच लिहावे लागतात. पहिल्या क्वार्टरचे मार्कही कित्येक कॉलेजं नोव्हेंबरमध्ये मागवतात.

आणि ट्रान्स्क्रिप्टची प्रत सप्टेंबरमध्ये हातात घ्या. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत बोट ठेवून वाचा. विषयांची नावं, ऑनर्स की एपी, उन्हाळ्यात बाहेर केलेला कोर्स चढला आहे की नाही, सगळं पाहा. मग पानाच्या तळाशी जा. काही शाळा तिथे एसएटीचे आकडे आपोआप छापतात. तुम्ही अर्जात स्कोअर दिला नाही, आणि शाळेच्या कागदावरून तो गेला, तर सगळं ठरवणं फुकट. काउन्सेलरला लेखी कळवा की स्कोअर काढून ट्रान्स्क्रिप्ट पाठवा, आणि नवी प्रत पुन्हा डोळ्यांखालून घाला.

शिफारसपत्रं ज्युनियर वर्षाच्या मे महिन्यातच मागायची. सप्टेंबरात त्याच शिक्षकांकडे रांग लागलेली असते. ज्या वर्गात ए सहज मिळाला तो शिक्षक निवडू नका, जिथे मूल झगडलं आणि शिक्षकाने ते पाहिलं तो निवडा. इंजिनिअरिंगला जायचं असेल आणि गणिताचा स्कोअर पाठवायचा नसेल, तर एक पत्र गणिताच्या किंवा फिजिक्सच्या शिक्षकाचंच हवं. शिक्षकांना मुलाचा रेझुमे देऊ नका, आठवणी द्या. माझ्याकडच्या एका मुलीने केमिस्ट्रीच्या शिक्षिकेला अर्धं पान लिहून दिलं होतं: टायट्रेशनचा प्रयोग तीनदा फसला, चौथ्यांदा ब्युरेटच्या तोटीत हवेचा बुडबुडा अडकलेला सापडला, मग पुढच्या बॅचच्या मुलांसाठी तिने फळ्यावर सूचना लिहून ठेवली. शिक्षिका तो प्रसंग विसरून गेल्या होत्या. पत्रात तो आला, आणि मुलगी कशी विचार करते हे एका परिच्छेदात कळलं.

निबंधावर इथे फार लिहीत नाही. कॉमन ॲपची, म्हणजे अनेक कॉलेजांना चालणाऱ्या एकाच ऑनलाइन अर्जाची, मर्यादा 650 शब्द आहे, आणि पालकांनी तो एकदाच वाचावा, दुरुस्त करू नये. ॲक्टिव्हिटीजच्या रकान्यांवर मात्र वेळ घाला. दहा जागा असतात, वर्णनाला प्रत्येकी 150 कॅरेक्टर, म्हणजे स्पेसही मोजली जाते. "लायब्ररीत मदत केली, नेतृत्वगुण विकसित झाले" असं लिहून जागा वाया जाते. "दर शनिवारी सहा मुलांना वाचून दाखवते, दोन भाषांतल्या पुस्तकांचं वेगळं कपाट लावलं" हे वाचल्यावर माणूस दिसतो. धाकट्या भावाला रोज शाळेतून आणणं, आजीला डॉक्टरांकडे नेऊन दुभाषाचं काम करणं, हेही तिथे लिहायचं असतं. आपली मुलं ते घरचं काम समजून सोडून देतात.

अर्ज भरताना टेस्टिंगच्या भागात एसएटी-एसीटीचे स्कोअर भरू नका, आणि प्रत्येक कॉलेजच्या स्वतःच्या प्रश्नांत ते विचारात घ्यायचे का असा प्रश्न येतो का ते पाहा. दोन्हीकडे उत्तर एकच हवं. स्कोअर का नाही याचं स्पष्टीकरण निबंधात किंवा जादा माहितीच्या चौकटीत देऊ नका. ऐच्छिक म्हटल्यावर कारण द्यावं लागत नाही. टोफेल किंवा आयईएल्टीएस मागितलं असेल तर ते मात्र वेगळं, टेस्ट-ऑप्शनलमध्ये ते माफ होत नाही. एपीचे चांगले स्कोअर असतील तर जरूर द्या. एसएटी नसताना कॅल्क्युलसमधला पाचपैकी 5 फार उपयोगी पडतो.

कॉमन ॲपची मुदत अर्जदाराच्या स्थानिक वेळेनुसार रात्री 11:59ला संपते, पण तीन-चार दिवस आधी सबमिट करा. शाळेची स्वतःची आतली तारीख त्याहून खूप आधी असते, बहुधा ऑक्टोबरच्या सुरुवातीला. ती चुकली तर आमच्याकडून कागद वेळेवर निघत नाहीत. सबमिट केल्यावर कॉलेजचं पोर्टल उघडून प्रत्येक कागदापुढे खूण आली का ते पाहा, आणि स्कोअरच्या ओळीसमोर 'लागू नाही' असंच दिसतं ना, तेही.

नोव्हेंबरमध्ये बाकीचे अर्ज लिहून ठेवा. डिसेंबरच्या मध्याला नकार आला तर 1 जानेवारीच्या मुदतींना दोनच आठवडे उरतात, आणि दुखावलेल्या मुलाकडून त्या दिवसांत चांगलं लिहून होत नाही. डिफर झालं, म्हणजे निर्णय पुढे ढकलला गेला, तर करारातून मूल मोकळं होतं. मग एकच पत्र पाठवायचं: अजून इथेच यायचं आहे, आणि नोव्हेंबरपासून हे हे नवं घडलं. पहिल्या सेमिस्टरचे मार्क आम्ही शाळेतून पाठवतो. मधल्या काळात पुन्हा दिलेली एसएटी खूपच चांगली गेली असेल, तर ती आता विचारात घ्याल का, असं कॉलेजला विचारायला हरकत नाही. जानेवारीत दुसऱ्या ठिकाणी अर्ली डिसिजन 2, म्हणजे त्याच कराराची दुसरी फेरी, करायचं ठरवलंत, तर त्या कॉलेजचा नेट प्राइस कॅल्क्युलेटर नव्याने भरा. तोही करारच असतो, आणि सही पुन्हा तुमचीच लागते.