डेंग्यूच्या रुग्णाची चौकशी करताना या चुका टाळा

इंदूरमध्ये पावसाळा ओसरू लागला की डेंग्यूच्या रुग्णांच्या याद्या येऊ लागतात, आणि दरवर्षी त्यांतले तेच दोन रकाने चुकीचे भरलेले असतात: ताप कधी आला आणि रुग्ण कुठे असतो.

तापाच्या रकान्यात बहुतेक जण रक्त तपासल्याची तारीख टाकून मोकळे होतात. वास्तविक एनएस१ तपासणी (रक्तात विषाणूचे प्रथिन शोधणारी) तापाच्या पहिल्या पाच दिवसांतच भरवशाची असते आणि त्यानंतर आयजीएम, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे, पाहावी लागतात. तारीख चुकली की सातव्या दिवशीचा निगेटिव्ह एनएस१ पाहून खरा रुग्ण यादीतून गळतो. ‘चार-पाच दिवस झाले असतील’ हे उत्तर मी लिहून घेत नाही. नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येत असल्याने, ‘काकू, ताप चढला तो नळाचा दिवस होता का?’ असे विचारतो आणि मग नळाचे दिवस मागे मोजत नेमकी तारीख सापडते.

झटपट निकाल देणाऱ्या रॅपिड किटवरचा पॉझिटिव्ह हा संशयितच धरावा. निश्चिती एलायझा या प्रयोगशाळेतल्या रक्तचाचणीनेच करावी.

पत्त्याची चूक मात्र मला महागात पडलेली आहे. एका वर्षी लोकमान्यनगर, सुदामानगर आणि टिळकनगर येथून एकेक रुग्ण आला. तिन्ही घरांतले हौद, कुंड्या, फ्रिजमागचे तबक पाहिले, अळी कुठेच नव्हती. तरीही घरांभोवती हौसेने धूर सोडण्यात आला, कारण धूर लोकांना दिसतो. नव्या सहकाऱ्याने ‘तुरळक रुग्ण’ असा शेरा मारला आणि घाईत मीही सही केली. आठवड्याने आणखी दोघे आजारी पडले, तेव्हा कुठे मी पाचही जणांना विचारले की ताप येण्याआधीच्या दोन आठवड्यांत दिवसा ते कुठे होते. डेंग्यू पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो, फार लांब उडत नाही आणि चावल्यानंतर साधारण चार ते दहा दिवसांनी ताप येतो, हे पाठ असूनही आम्ही रात्रीचा पत्ता धरून बसलो होतो. पाचही जण सकाळी सातला एकाच शिकवणीला जात. तिथल्या गच्चीवर उन्हाळ्यानंतर बंद पडलेल्या कूलरच्या तळाशी चार बोटे पाणी होते. टॉर्च मारताच अळ्या वळवळत खाली गेल्या.

सरांनी लगेच कूलर उपडा केला आणि काम झाले असे मानले. पण या डासाची अंडी पाण्याच्या रेषेवर, भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही कित्येक महिने टिकतात, म्हणून काथ्या मागवून त्यांच्याकडूनच आतली बाजू घासून घेतली आणि मगच तिथून निघालो.