घरच्या ठिबकचा व्हॉल्व्ह : जोड निवडताना या चुका टाळा

व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंना एकाच प्रकारचा जोड लावणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. टाकीकडच्या बाजूला दाब चोवीस तास असतो; झाडांकडे फक्त पाणी सोडल्यावर. म्हणून टाकीकडे आट्यांचा किंवा सॉल्व्हंट सिमेंटचा (पाइप चिकटवायच्या डिंकाचा) जोड हवा. 16 मिमीची नळी निपलवर (नळी चढवायच्या तोंडावर) नुसती दाबून बसवायची ती व्हॉल्व्हच्या पुढे, झाडांकडे. टाकी 10 मीटर वर असेल तर दाब साधारण 1 बार. प्रेशर पंप असेल तर दुप्पट-तिप्पट. ही नळी टाकीकडे लावली, तर उन्हाने मऊ झाल्यावर तेवढ्यानं निसटते आणि टाकी रिकामी होते.

आट्यांत फसगत जास्त. आपल्याकडचे नळ बीएसपी (ब्रिटिश मापाच्या) आट्यांचे, पाणी ठरल्या वेळी सोडणारा परदेशी टायमर कधी एनपीटी (अमेरिकन मापाचा) निघतो. अर्ध्या आणि पाऊण इंचात दोन्हींना इंचाला 14 आटे, त्यामुळे सुरुवातीचे फेरे बिनबोभाट जातात. पण आट्याचा कोन बीएसपीचा 55 अंश, एनपीटीचा 60. मग टेफ्लॉन टेप गुंडाळूनही थेंब पडू शकतो. अमेरिकन होजच्या (बागेच्या नळीच्या) पाऊण इंची जोडाला इंचाला साडेअकरा आटे. तो लगेच अडतो. जबरदस्ती करू नका, अ‍ॅडॉप्टर आणा. फिरत्या नटाचा टायमर रबरी वॉशरवर पाणी अडवतो, तिथे टेपचा उपयोग शून्य.

आट्यांची पितळी निपल प्लॅस्टिकच्या, आतून आटे असलेल्या जोडात (एफटीए) पान्याने आवळलीत, की काही दिवसांत एफटीएवर उभी, केसासारखी पांढरी रेघ दिसते. ती चीरच, एफटीए बदलावा लागतो. प्लॅस्टिकचे बाहेरचे आटे धातूच्या आत जाऊ द्या. टेप आट्यांच्या दिशेने 3-4 वेढे, हाताने घट्ट, वर एक-दीड फेरा. गळलं तर आणखी आवळू नका. उघडा, जुनी टेप खरवडा, नवी लावा.

शेतीचा 25 मिमी पाइप पाऊण इंची प्लंबिंग सॉकेटमध्ये चिकटवू नका: त्या सॉकेटला 26.7 मिमीचा पाइप लागतो. एवढी फट सिमेंट भरून काढत नाही. सीपीव्हीसी (गरम पाण्याचा प्लॅस्टिक पाइप) आणखी वेगळा, पाऊण इंचात 22.2 मिमी, त्याचं सिमेंटही वेगळं. चिकटवताना सिमेंट पाइपला भरपूर, सॉकेटला पातळ. जास्तीचं आत वाहून व्हॉल्व्हमधल्या फिरत्या बॉलला चिकटतं. पाणी 24 तासांनी सोडा.

युनियनचे (नट सैल करून उघडता येणाऱ्या जोडाचे) पैसे वाचवायला जाऊ नका. ती नसेल तर बिघडलेला व्हॉल्व्ह काढायला पाइप कापावा लागतो.