सकाळचे दहा म्हणजे दुपारचे चार

टांझानियात माझ्या हातून झालेली पहिली मोठी चूक घड्याळाची होती. म्वान्झा शहरापासून आत, सुकुमा लोकांच्या एका खेड्यात मिशनच्या दवाखान्यात मी नर्स म्हणून रुजू होऊन तीन आठवडे झाले असतील. जुलाब झालेल्या बाळाच्या आईला नुकत्याच शिकलेल्या स्वाहिलीत ऐटीत सांगितलं, ‘‘केशो, सा कुमी.’’ उद्या दहाला ये. दुसऱ्या दिवशी दहा वाजले, अकरा वाजले, बारा वाजले. बाई काही येईना. मी मनातल्या मनात तिच्या निष्काळजीपणावर एक प्रवचनही देऊन टाकलं. ती आली दुपारी चारला, आणि ती अगदी वेळेवर आली होती.

स्वाहिलीत दिवस उजाडला की तास मोजायला लागतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा ‘सा मोजा’, एक वाजला. आपले बारा म्हणजे त्यांचे सहा. ‘सा कुमी’ म्हणजे शब्दशः दहा वाजता, पण आपल्या हिशेबानं दुपारचे चार. मनगटावरच्या घड्याळात काटे आपल्यासारखेच असतात, वाचताना सहा तासांचा फरक करायचा. बाळ वाचलं, पण डोळे खोल गेले होते आणि सहा तास माझ्यामुळे वाया गेले होते. तेव्हापासून गोळ्यांच्या पाकिटावर मी आकडे लिहीत नाही. उगवता सूर्य, डोक्यावरचा सूर्य, मावळता सूर्य अशी तीन चित्रं काढते. चित्रकला बेताची आहे, पण कुणी चुकलेलं नाही.

मी वसईची. आता टांझानियात नववं वर्ष चालू आहे. सुट्टीवर घरी आले की मिस्सानंतर चर्चच्या आवारात कुणी ना कुणी गाठतं. नर्सिंग संपलेली मुलगी असते, बी.एड. झालेला मुलगा असतो, नाहीतर निवृत्त होऊन दोन वर्षं सेवेसाठी जावं म्हणणारं जोडपं. सगळ्यांचा पहिला प्रश्न ‘तिथं साप आहेत का?’ हा असतो. आहेत. वसईतही आहेत. बाकीचं एकदाच लिहून टाकते.

आधी कागद. मिशनरी आणि स्वयंसेवक यांना टांझानियात ‘क’ वर्गाचा निवास परवाना लागतो. तो तिथली यजमान संस्था काढते, तुम्ही नाही, म्हणून संस्थेनं तुमची कागदपत्रं वेळेत पुढे पाठवली का हे तुम्हीच विचारत राहायचं. नर्स असाल तर तिथल्या नर्सिंग आणि मिडवाइफरी कौन्सिलची नोंदणी वेगळी. ती होईपर्यंत रुग्णाला हात लावायचा नाही. माझे त्यात कित्येक महिने गेले आणि मी तेवढा काळ गोदामातल्या खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. विमान बहुधा नैरोबी किंवा आदिस अबाबावरून जातं, म्हणून पीतज्वराची लस घेऊन पिवळं कार्ड पासपोर्टातच ठेवा. हे कार्ड लस घेतल्यापासून दहा दिवसांनी ग्राह्य धरतात, त्यामुळे आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. टांझानियात १ जून २०१९ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे. आईनं सुकेळी आणि बाटली मसाला पिशवीवर पिशवी बांधून दिला असेल, तर सगळं कापडी पिशवीत नाहीतर डब्यात घाला.

आता भाषा. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. आमच्या वसईचा गोन्सालो गार्सिया १५५७ च्या सुमारास जन्मला, १५९७ मध्ये नागासाकीला हुतात्मा झाला आणि १८६२ मध्ये संत म्हणून जाहीर झाला, हे आम्हाला लहानपणापासून पाठ. पण फ्रान्सिस्कन धर्मबंधूंना जपानात त्याचा एवढा आधार का वाटायचा, तर त्याला जपानी उत्तम यायची. तो त्यांचा दुभाषा होता. हा भाग सणाच्या प्रवचनात घाईघाईनं उरकला जातो.

मुसोमाजवळ व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी माकोको इथं मिशनऱ्यांना स्वाहिली शिकवणारी शाळा आहे. मी चार महिने तिथं होते. मराठी माणसाला ही भाषा अर्धी ओळखीची वाटते. दुकानाला ‘डुका’, गाडीला ‘गारी’, विम्याला ‘बिमा’, रंगाला ‘रांगी’, बर्फाला ‘बाराफू’, कोशिंबिरीला ‘काचुंबारी’. पाद्री तर ‘पाद्री’च. पोर्तुगीज आमच्याकडे आले तसे तिथल्या किनाऱ्यावरही गेले होते, त्यामुळे काही शब्द दोन्हीकडे राहिले. सगळे मात्र सारख्या नशिबाचे नाहीत. ज्या पोर्तुगीज ‘इग्रेजा’वरून आमची इगर्जी, म्हणजे चर्च, आली, त्यावरूनच स्वाहिलीत ‘गेरेझा’ आला आणि त्याचा अर्थ तुरुंग! चर्चला ते ‘कानिसा’ म्हणतात. मका म्हणजे ‘माहिंदी’ आणि भारतीय माणूस म्हणजे ‘म्हिंदी’, तेव्हा जपून. ‘न्मेचोका’ म्हणजे थकलो, ‘न्मेचेका’ म्हणजे हसलो. तापानं फणफणलेला माणूस थकलोय म्हणत होता आणि मी कौतुकानं ‘छान, छान’ म्हणत होते.

एवढं करून खेड्यात गेले, तर म्हाताऱ्या बायकांना स्वाहिली येईना. त्या सुकुमा बोलतात. सकाळी ‘म्वांगालुका’ म्हटलं की त्यांचा चेहरा असा खुलतो की पुढचं काही आलं नाही तरी चालतं. थोरांना भेटल्यावर ‘शिकामू’ म्हणायचं, त्यावर ते ‘माराहाबा’ म्हणतात. शिकामूचा मूळ अर्थ ‘तुमचे पाय धरते’ असा, म्हणजे आपलं पाया पडणंच, फक्त न वाकता. शिकामू न म्हणता थेट कामाचं बोलणारा परदेशी माणूस कितीही शिकलेला असो, उद्धटच ठरतो. आणि ‘पोले’. कुणी ठेचकाळलं, कुणी डोक्यावर पाणी वाहतंय, कुणी प्रवासातून आलं, कुणाचं माणूस गेलं, सगळ्यांना पोले. यात चूक तुमची नसते, माफीही मागायची नसते. तुझा त्रास मला दिसला, एवढंच. मराठीत याला एकच असा शब्द मला अजून सापडलेला नाही.

दिवस कसा जातो, हेही विचारतात. पहाटे प्रार्थना, मग पाणी. पावसाचं पाणी टाकीत साठवतो. ती आटली की वीस लिटरच्या पिवळ्या कॅननं विहिरीवरून आणायचं. साडेसातला दवाखाना. सोमवारी बाळांची वजनं. कांगा नावाच्या रंगीत कापडात पाठीशी बांधलेली पन्नास-साठ बाळं एकाच वेळी रडत असतात. पाऊस सरल्यावर मलेरिया, वर्षभर जुलाब, रात्री-अपरात्री बाळंतपण. मलेरियाच्या गोळ्यांना तिथं ‘दावा म्सेटो’ म्हणतात, कारण त्यात दोन औषधं एकत्र असतात. म्सेटो हे तांदूळ आणि मुगाच्या मिश्रणाचंही नाव, म्हणजे थोडक्यात खिचडी. मलेरियावर खिचडीची गोळी. मला हे फार आवडतं.

जेवण म्हणजे उगाली, मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा. हातानं तोडायचा, अंगठ्यानं खळगा करायचा आणि कालवण उचलायचं. सोबत माठासारखी म्चिचाची पालेभाजी, कधी घेवड्याची उसळ. सरोवरात ‘दगाआ’ नावाचे बोटभर मासे मिळतात. काठावरच्या वाळूत पसरून वाळवतात, आणि वास थेट आमच्या किनाऱ्यावर मासळी वाळत घालतात त्या वलांडीचा. पहिल्याच रविवारी मला दगा मिळाला असं घरी फोनवर सांगितलं, तर आई घाबरली. वसईच्या बाईला सुक्या मासळीच्या देशात उपाशी राहायची वेळ येत नाही. शाकाहाऱ्यांचं जरा कठीण, पण कडधान्यं असतात.

सरोवरात मात्र पाय बुडवू नका. इतकं सुंदर, इतकं शांत पाणी, आणि आम्ही तर समुद्राकाठची माणसं. मी दुसऱ्याच महिन्यात चपला काढून गुडघाभर पाण्यात उभी राहिले. काठच्या गोगलगायींमधून ‘किचोचो’ नावाच्या रोगाचा कृमी पाण्यात येतो आणि कातडीतून शरीरात शिरतो. पुढे कित्येक आठवडे अंगात त्राण नाही, आणि मी ते घरच्या आठवणीवर ढकललं. तपासणीत निघालं किचोचो. औषध सोपं असतं, तपासायचं सुचायला हवं. मच्छरदाणीचंही तेच. लाज न बाळगता सूर्य मावळला की आत.

आता माझी शिवणकामाची गोष्ट. आधी सांगते, पहिल्या वर्षी कुठलाही ‘प्रकल्प’ काढू नका. मी काढला. घरून ओळखीच्यांनी पैसे जमवून दिले, त्यातून सहा शिलाई यंत्रं घेतली, आणि बायकांसाठी मोफत वर्ग जाहीर केला. नोव्हेंबरात. पहिल्या दिवशी दोघी आल्या, चौथ्या दिवशी कुणीच नाही. नोव्हेंबरात पाऊस पडतो आणि अख्खं गाव शेतावर असतं, मका, भात, कापूस. हे माझ्या खिडकीतून दिसत होतं! शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या मुलीला तरी कळायला हवं होतं. पण ते सगळ्यात वाईट नव्हतंच. गावात एक शिंपी होता, तिथं त्याला ‘फुंडी’ म्हणतात. चौकातल्या झाडाखाली यंत्र मांडून तो आठ जणांचं कुटुंब चालवायचा. फुकट शिकलेल्या बायका फुकट शिवू लागल्या की त्याचं काय होणार, याचा मी विचारच केला नव्हता. कातेकिस्टानं, म्हणजे धर्मशिक्षकानं, मला हे सांगायला दोन महिने घेतले, तेही आडवळणानं, कोंबड्यांच्या भावावरून सुरुवात करून. शेवटी जुलैत, सुगी उरकल्यावर, फुंडीलाच शिक्षक केलं. तो फी घेतो, जरा जास्तच घेतो असं माझं मत आहे, पण वर्ग चालतो. सहापैकी दोन यंत्रं सुयांअभावी पडून आहेत. सुया म्वान्झालाच मिळतात आणि प्रत्येक खेपेला मी विसरते.

गावात जागा मिळते ती दवाखान्यातून नाही, ‘जुमुइया’तून. दहा-पंधरा शेजारची घरं आठवड्यातून एकदा कुणाच्या तरी अंगणात जमतात, बायबलमधला उतारा वाचतात, आणि मग खरं कामकाज सुरू होतं. कोण आजारी, कुणाच्या मुलाची शाळेची फी राहिली, कुणाच्या छपराला हात लावायचा. पूर्व आफ्रिकेच्या बिशपांनी १९७० च्या दशकात हा मार्ग पत्करला आणि तो तिथल्या मातीत चांगला रुजला. गावाला पाद्री महिन्यातून एखाददा येतो, बाकी सगळं कातेकिस्ट आणि जुमुइया बघतात. फादर येतो त्या रविवारी मिस्सा तीन तासांची. अर्पणात मक्याची पोती, अंडी, जिवंत कोंबड्या येतात आणि शेवटी चर्चच्या दारात त्यांचा लिलाव होतो. मी एकदा उत्साहात बोली लावली आणि एक भांडकुदळ कोंबडा घेऊन बसले.

मरण आलं की काम थांबतं. ‘म्सिबा’ असलेल्या घरी जाऊन बसायचं. काही बोलावं लागत नाही. बायका अंगणात चटयांवर बसतात, तिथंच बसायचं, भाजी चिरायची, आणि वहीत नाव लिहून थोडे पैसे द्यायचे. पहिल्यांदा मी दवाखाना उघडा ठेवला, कारण ‘रुग्ण येतील’. एकही आला नाही. सगळे तिथं होते. मी नव्हते, हे सगळ्यांच्या लक्षात आलं होतं.

इथं भारतात लोक हमखास विचारतात, तुम्ही तिकडे माणसं बाटवता का? माझ्या दवाखान्यात कॅथलिक येतात, इतर पंथांचे ख्रिस्ती येतात, मुसलमान येतात, आणि वाडवडिलांना मानणारे सुकुमाही. नोंदवहीत मी वय, वजन आणि ताप लिहिते. एका मुसलमान बाईनं मला तिच्या मुलीच्या बाळंतपणात तीन रात्री सोबत केली, कारण आमची मिडवाइफ रजेवर होती. आमच्या मोठ्या मिशन रुग्णालयांपैकी काहींना सरकारनंच जिल्हा रुग्णालय म्हणून नेमलं आहे, म्हणजे रांगेत कुणीही उभं राहू शकतं आणि राहतं. माझ्या श्रद्धेचं मी लपवत नाही, गळ्यात क्रूस असतोच. पण आजारी माणसाला उपदेश करणारी नर्स मला वसईतही आवडली नसती.

एकटेपणाबद्दल कमी बोललं जातं. पहिला नाताळ अवघड जातो. तिथं तो छान साजरा होतो, गाणं रात्रभर चालतं, पण तुम्हाला त्यातलं एकही गाणं लहानपणापासून येत नसतं. त्या रात्री मी मराठी गायनं स्वतःशीच म्हटली, उशीत तोंड घालून. दुसरा नाताळ बरा गेला, कारण तोवर कोरसमधली चार गाणी पाठ झाली होती. फोन चालतो, नेटही चालतं, पण घरच्यांना रोज व्हिडिओ कॉल करणारी मुलं गावात उशिरा रुळतात, असं माझं निरीक्षण आहे. आठवड्यातून एकदा पुरे.

आणि भारतीय म्हणून एक वेगळी अडचण. म्हिंदी म्हणजे दुकानदार, हे तिथं ठरलेलं. म्वान्झात गुजराती व्यापाऱ्यांची जुनी दुकानं आहेत, देवळं आहेत. दवाखान्यामागे राहणारी आजी नऊ वर्षं मला दर काही दिवसांनी विचारते, सिस्टा, तुझं दुकान कधी उघडणार? मी म्हणते, उघडलंय की, तू रोज गोळ्या नेतेस. ती म्हणते, त्यात साखर कुठंय.

पुढच्या महिन्यात परत जाते आहे. या वेळी बाटली मसाल्याच्या दोन बाटल्या जास्तीच्या घेतल्यात. एक कातेकिस्टाच्या बायकोला. ती तो दगाआत टाकते, ठसका लागून डोळ्यातून पाणी काढते आणि वर मलाच म्हणते, पोले. आणि शिवणयंत्राच्या सुया. त्या पर्समध्ये नको, विमानतळावर काढून घेतील. मोठ्या बॅगेत, मसाल्याच्या शेजारी.