रेल्वे सिग्नलिंगचा पुढचा गेम घेताय? आधी या चुका टाळा

'आता पुढचा कुठला घेऊ?' असं विचारणाऱ्याचं उत्तर बहुतेक वेळा आधीच ठरलेलं असतं: ज्याच्या पॅनलवर, म्हणजे रूळ-सिग्नल दाखवणाऱ्या नकाशावर, सगळ्यात जास्त रूळ दिसतात तो. मग पंधरा दिवसांनी तोच माणूस सांगतो, गेम अवघड आहे, मजा येत नाही. तेच तेच पाहून कंटाळलो, म्हणून हे लिहितोय.

मोठ्यात मोठं स्टेशन आधी घेणं

सिमसिगसारख्या सिग्नलिंग गेमच्या प्रकारात लोडर, म्हणजे मूळ प्रोग्राम, फुकट असतो आणि प्रत्येक सिग्नल केंद्राचं सिम (सिम्युलेशन) वेगळं घ्यावं लागतं. काही सिम्स फुकटही आहेत. पण नव्या माणसाची नजर थेट मोठ्या टर्मिनसवर जाते. माझीही गेली होती.

पहाटेचा तास सुरळीत गेला. सकाळच्या गर्दीत एका लांब पल्ल्याच्या गाडीचा फलाट अडला होता, आधीची गाडी सुटायची होती. शेजारचा फलाट रिकामा दिसला. वेळापत्रक न उघडता आधी आत येण्याचा सिग्नल दाबला, मग फलाटाचं टोक. पांढरी रेघ उमटली, म्हणजे रूट (गाडीची वाट) लागला, गाडी आत आली, फलाटाचं ट्रॅक सर्किट, म्हणजे रुळावर गाडी आहे हे ओळखणारी यंत्रणा, लाल झालं. पण त्याच्या मागचं, सांध्यांवरचं (जिथे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवतात) सर्किटही लालच राहिलं. तो फलाट त्या गाडीला पुरणारा नव्हताच! शेवटचा डबा सांध्यावर उभा होता.

सर्किट व्यापलेलं असताना इंटरलॉकिंग, म्हणजे धोक्याच्या हालचाली अडवणारी यंत्रणा, सांधा हलू देत नाही, आणि ते बरोबरच आहे. पण त्या एका डब्यापायी स्टेशनात शिरायच्या अर्ध्या वाटा बंद झाल्या. पाठोपाठ ड्रायव्हरांचे फोन सुरू झाले: अमुक सिग्नलला लाल आहे, थांबलोय. एकाला उत्तर देईपर्यंत दुसऱ्याचा. ती सकाळ काही सावरली नाही, आणि ते सिम मी पुढे कित्येक महिने उघडलं नाही. सिममध्ये काही खोट नव्हती, मी ते फार लवकर घेतलं होतं.

तेव्हापासून माझी एक सवय आहे. नव्या पद्धतीचं सिम घेताना आधी दोन-तीन स्टेशनं आणि एखादं जंक्शन असलेला छोटा भाग घ्यायचा आणि त्याचा सबंध दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंत, चालवायचा. प्रत्येक फलाटात किती लांबीची गाडी मावते हे पहिल्याच दिवशी वहीत लिहायचं. ही वही ज्यांना कटकट वाटते त्यांनी टर्मिनस घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

कोडं आणि सिम्युलेशन यांत गल्लत

रेल रूट हा गेम २०२१ मध्ये अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे पूर्ण व्हायच्या आधीच विक्रीला, आला. त्यात रूळ तुम्हीच टाकता, कमाई करता, हळूहळू रूट लावायचं काम यंत्रणेवर सोपवता. कोड्याचा गेम म्हणून सुंदर आहे. पण खऱ्या सिग्नल केंद्रातलं काम अनुभवायचंय म्हणून तो घेतलात तर निराश व्हाल. उलट कोडी आवडणाऱ्याने सिमसिग घेतलं तर रिकाम्या रुळांकडे बघत बसणं त्याला सोसवत नाही.

घेण्यापूर्वी मी व्हिडिओत एकच गोष्ट शोधतो. गाडी सिग्नलजवळ आलेली असताना कुणी रूट रद्द केला तर काय होतं? खऱ्या यंत्रणेत सिग्नल लगेच लाल होतो, पण रूट ठरावीक वेळ अडकून राहतो, साधारण दोन मिनिटं, कारण ड्रायव्हरला थांबायला जमेलच असं नाही. रूट क्षणात सुटला तर ते कोडं समजा.

स्टेलवर्कसिम फुकट आहे, जर्मन आहे, आणि शेजारचं स्टेशन दुसरा खेळाडू सांभाळत असू शकतो. सिमरेलमध्ये पोलंडमधली सिग्नल केबिन तुमच्याकडे आणि गाडीत खरा माणूस. अशा ठिकाणी तुमच्या घाईचा भुर्दंड दुसऱ्याला बसतो, म्हणून उतावळ्यांनी तिथे आधी जाऊ नये.

आपोआप रूट लावणारी यंत्रणा पहिल्या दिवसापासून चालू ठेवणं

बंद ठेवा. महिनाभर तरी. हाताने रूट लावल्याशिवाय कुठली गाडी कुठे अडते हे कळत नाही, आणि मग बिघाड झाला की पॅनलकडे नुसतं बघत बसावं लागतं.

काळ न पाहणं

एकाच स्टेशनाचे रूळ काळानुसार बदलतात. लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनाबाहेर बंद पडलेला बोगदा २०२१ मध्ये पुन्हा वापरात आला आणि चाराचे सहा रूळ झाले. तुम्हाला हवं ते वेळापत्रक सिमच्या काळाशी जुळतंय का ते पाहूनच पैसे द्या.

परताव्यावर विसंबणं

स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर पैसे परत मागता येतात. सिग्नलिंगमध्ये दोन तास तर पॅनल वाचण्यातच जातात.

घंटीचे कोड न शिकता लिव्हरची केबिन घेणं

जुन्या ब्रिटिश ब्लॉक पद्धतीत लिव्हर ओढून सिग्नल चालवणाऱ्या केबिन एकमेकींशी घंटीने बोलतात: लक्ष वेधायला एक ठोका, साध्या पॅसेंजर गाडीसाठी लाइन मोकळी आहे का हे विचारायला ३-१ (तीन ठोके, थांबून एक), गाडी सेक्शनमध्ये, म्हणजे दोन केबिनांमधल्या भागात, शिरली की २, बाहेर पडली की २-१. मी हे चार कोड कागदावर लिहून मॉनिटरखाली चिकटवले होते. आठवड्याभरात कागदाकडे बघायची गरज उरली नाही, आणि मगच मी तसलं दुसरं सिम विकत घेतलं.