बाइकची सीट निवडताना अंगठ्यावर विसंबू नका

पहिल्यांदा सीट बदलली तेव्हा दुकानात अंगठ्याने दाबून बघितली. लोण्यासारखी मऊ लागली, लगेच घेतली. पुण्याहून साताऱ्याकडे निघालो आणि खंबाटकी घाट यायच्या आतच फूटरेस्टवर उभं राहून गाडी हाणायची वेळ आली. फोम दबून पार तळाला गेला होता, म्हणजे मी सरळ खालच्या प्लास्टिकवर बसलो होतो.

१. आधी दुखतं कुठे ते शोधा. सलग तासभर गाडी चालवून थांबा आणि नीट लक्ष द्या. बुडाची दोन हाडं ठणकत असतील तर फोम थकलाय किंवा सीट अरुंद आहे. माकडहाड दुखत असेल तर बहुधा तुम्ही मागे रेलून, पोक काढून बसताय. तिथे हँडल आणि फूटरेस्टची जागाही तपासा, एकट्या सीटला दोष देऊ नका. मांडीला आतून रग लागते ती सीटच्या धारदार कडेमुळे. सारखं टाकीकडे घसरायला होत असेल तर सीटचा उतार पुढे आहे. अशा सीटवर नाजूक जागी मुंग्या येतात, कारण तिथल्या नसा दबतात. हे अंगावर काढू नका.

२. फोमची परीक्षा गुडघ्याने घ्या. सीटवर एक गुडघा टेकवून सगळं वजन टाका. खालचा तळ लागला तर ती सीट नको. फोमचा मऊपणा वेगळा आणि घनता वेगळी. कमी घनतेचा फोम लवकर बसतो, पुन्हा वर येत नाही. कारागिराकडून करून घेणार असाल तर खाली रीबॉन्डचा (फोमचे तुकडे दाबून चिकटवलेल्या कडक फोमचा) पातळ थर आणि वर जरा नरम फोम, असं सांगा. नुसता रीबॉन्ड म्हणजे पाटावर बसणं. जेलची गादी बरी असते, पण गाडी उन्हात लावली की तापते आणि लवकर निवत नाही. हवेची उशी घेतलीत तर टम्म फुगवू नका, बसल्यावर जेमतेम तरंगल्यासारखं वाटेल इतकीच हवा पुरे.

३. रुंदी हवीच, पण पाय बघून. हाडांखाली सीट रुंद आणि सपाट, टाकीजवळ निमुळती असावी. पुढेही रुंद केली तर पाय फाकतात आणि जमिनीला कमी पोचतात. रॉयल एनफील्डच्या क्लासिक ३५० ची सीट मुळात ८०५ मिलिमीटर उंचीवर. वर इंचभर फोम चढवला की ८३० च्या घरात. सिग्नलला चवड्यावर उभं राहावं लागेल.

४. कव्हरवर शिवणी कमीत कमी, आणि हाडांखाली तर एकही नको. पावसाळ्यात पाणी शिवणीच्या टाक्यांतून आत शिरतं, फोम ते पितो आणि ऊन पडलं तरी पँट ओलीच.

५. मागे बसणाऱ्या माणसाला सोबत न्या. साडी नेसून एका बाजूने बसणार असतील तर मागचा भाग उताराचा नको.

६. कंपनीची मूळ सीट कापायला देऊ नका. जुन्या बाजारात त्याच गाडीची वापरलेली सीट मिळते, प्रयोग तिच्यावर करा. आणि पैसे द्यायच्या आधी कारागिराला विचारा, शे-दोनशे किलोमीटर चालवून आणली तर कव्हर उघडून एकदा फोम घासून देणार का?